अत्तैंच्या कबरीपाशी पारायण

रवि. ६ एप्रिल

अत्तैंच्या कबरीवर पाटी लावलीय. हिरवी, वीतभर, खुंटीवर ठोकलेली. मजकूर दोन ओळींचा: या कबरीची मुदत संपत आली आहे, नातेवाइकांनी कार्यालयात चौकशी करावी.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, दिसली नाही. त्यांना हल्ली समोरचं मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. खुंटीला पाय लागला तेव्हा कळलं. "हे काय, मा?" (मला 'मा' म्हणतात, पोरी म्हटल्यासारखं.)

खोटं सांगणार होते, पण जीभ वळली नाही. वाचून दाखवलं.

"मुदत?" म्हणाले. "झोपलेल्या माणसाला कसली मुदत?" आणि वाकून खुंटी उपटायलाच लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्याला भगवा फेटा, कपाळावर पांढरी ज्योत, आणि म्युनिसिपालटीची पाटी गदागदा हलवतोय. मी हात धरला. लोक बघत होते. बघेनात का, पण पाटी उपटून काही होत नाही, एवढं नोकरीत शिकलेय.

घरी आल्यावर नवऱ्याला, से. ला, सांगितलं. तो डिशवॉशरमध्ये ताटं लावत होता. "आय नो," म्हणाला. "कधीतरी येणारच होतं हे." आणि पुढची ताटली लावली. अस्सा राग आला.

सोम. ७ एप्रिल

लंच ब्रेक. कॅन्टीनच्या खिडकीतून क्रेन दिसतायत. डोक्यातून पाटी जात नाही.

अत्तै म्हणजे से. ची, सेल्वनची, आई. मी त्यांना पाहिलेलं नाही. तो पंधरा वर्षांचा असताना गेल्या. एक फोटो आहे: साडीवर जाड निळा कोट, मागे मास नदी, चेहरा असा की थंडीशी भांडण काढायला निघाल्यात. मला त्या फोटोवरूनच आवडतात.

मामा आधी माझगाव गोदीत फिटर होते, मग जहाजावरून इथे रॉटरडॅमला उतरले आणि राहिले. त्या माझगावमुळे आमचं दोघांचं मराठीत चालतं. त्यांचं मराठी गोदीतलं, माझं सदाशिव पेठेतलं. मी जोश्यांची मुलगी, डेल्फ्टला शिकायला आले आणि यांच्या घरात शिरले. लग्न ठरलं तेव्हा आईनं विचारलं होतं, "त्यांच्याकडे देव कुठले?" मी म्हटलं, "देव नाहीत. आरसा आहे." आईनं विषय बदलला होता.

खरंच आरसा आहे. यांचा पंथ अय्यावळी, गाव पार खाली, कन्याकुमारीकडे. मूर्ती नाही, भटजी नाही, दक्षिणा नाही. आरशापुढे दिवा. पुरुषांनी फेटा बांधून उभं राहायचं, आरशात जो दिसेल त्याला हात जोडायचे. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला हसू आलं होतं. आपल्याच तोंडाला काय नमस्कार करायचा? दुसऱ्या वेळी रडू आलं. का ते अजून नीट कळलेलं नाही.

आणि यांच्यात जाळत नाहीत. पुरतात, तोंड उत्तरेकडे. मेलेला माणूस जमिनीत वाट बघतो, धर्मयुग येईपर्यंत. मधे कुणी उठवायचं नसतं.

आता म्युनिसिपालटी उठवणार.

गुरु. १० एप्रिल

कार्यालय. अर्धी रजा टाकून मामांना घेऊन गेले. दफनभूमीची व्यवस्थापक इंगे नावाची बाई आहे. पन्नाशीची, पायात गमबूट, टेबलावर अर्धं सफरचंद. बाई वाईट नाही. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

तिनं नकाशा काढला. अत्तैंची कबर 'सार्वजनिक' आहे. म्हणजे एका खड्ड्यात तीन माणसं, एकावर एक, एकमेकांची कुणी नव्हेत. मुदत ठरलेली, वाढवून मिळत नाही. स्वतःची कबर घेतली असती तर वाढवता आली असती. पानगळ झाली की त्या रांगेची माती काढणार. हाडं निघतील ती दफनभूमीतच एका कोपऱ्यात सगळ्यांची एकत्र. नातेवाइकांना हवं असेल तर त्याआधी परवानगी घेऊन आपलं माणूस हलवता येतं, नाहीतर दहन करता येतं.

मी पटकन म्हटलं, हलवू. दुसरीकडे कायमची जागा घेऊ.

मामांनी विचारलं, "ती कितवी आहे? वर की खाली?"

इंगेनं पाहिलं. सगळ्यात खाली.

"मग वरच्या दोघांना काढून हिला काढणार. त्यांचं काय?"

"त्यांचीही मुदत संपलीच आहे," इंगे म्हणाली.

मामा उठले. "मग नाय." मला वाटलं चिडून निघाले. पण उभे राहून तिला डचमध्ये म्हणाले, तिघांनाही राहू दे. ती म्हणाली शक्य नाही. मामा म्हणाले, गोदीत आम्ही युनियन काढली तेव्हाही आधी हेच म्हणायचे.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. बायकोला कायमची जागा मिळतेय, आणि हे परक्यांचं काय घेऊन बसलेत! मामा म्हणाले, "वीस वर्षं तिच्या अंगावर झोपलेत ते. परके कसे?"



रवि. १३ एप्रिल

मामांच्या फ्लॅटवर दुपारचा पाठ. नेहमीप्रमाणे पाठानंतर पेज. जो येईल त्यानं एकाच भांड्यातली घ्यायची, हा नियम. आज आम्ही चौघंच: मामा, से., मी, ईरा. ईरा सहा वर्षांची, सगळं मराठी समजतं आणि उत्तर डचमध्ये देते. पेजेत साखर का नाही यावर तिचा आक्षेप.

पेज पिता पिता से. नं काढलं. समजावणीच्या आवाजात, ऑफिसात क्लायंटशी बोलतो तसं. अप्पा, अम्मा तिथे नाहीये. हाडं आहेत. परवानगी काढू, दहन करू, डिसेंबरात गावी जाऊन समुद्रात सोडू. समुद्र अम्माला आवडायचा.

मामांनी वाटी खाली ठेवली. "जाळायचं असेल तर मला जाळ. तिला नाय."

"तुम्ही प्रॅक्टिकल होणार कधी?"

"डेय पोरा, तू झालास ना. एका घरात एक बास."

से. गाडीची किल्ली घेऊन खाली गेला. ईरा म्हणाली, "पापा इज बोस." पापा रागावलाय. हो बाळा, सगळेच रागावलेत.

मला कुणाची बाजू घ्यायची हे ठरवावं लागणार. खरं तर ठरलंय. फक्त घरात सांगायचंय.

शनि. १९ एप्रिल

मामा काय करतील याचा नेम नाही.

सकाळी फोन: "मा, घडीची खुर्ची घेऊन ये. दोन." दफनभूमीच्या फाटकाशी उभे होते. हातात घरातला आरसा, चादरीत गुंडाळलेला. खांद्याला झोळी, झोळीत पोथी. ट्रामनं आले होते, आरसा मांडीवर घेऊन.

यांच्या पोथीचं वर्षातून एकदा पारायण असतं, सतरा दिवस. गावी मांडव, माणसं, रोज अन्नदान. इथे इतकी वर्षं ते घरी एकटेच करायचे, मोठ्यानं, खिडक्या लावून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. आज म्हणाले, "खूप लावल्या खिडक्या. आता हितं वाचायचं. वाचन चालू असताना ते माणूस उठवतात का बघू."

आरसा वाटेपलीकडच्या बर्चला टेकवून ठेवला. मला वाटलं कबरीकडे तोंड करून बसतील. नाही. आरशाकडे तोंड, कबर पाठीशी. "म्हणजे ती पण आरशात येते. ती पण वाचणाऱ्यांत." मी वाकून पाहिलं. खरंच: मामा, मी, मागे गवत, तीन छोट्या दगडी पाट्या आणि ती हिरवी.

मग पोथी माझ्या मांडीवर ठेवली.

मला तमिळ अक्षरं येतात. लग्नानंतर मामांनीच शिकवली, गावी बसच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून. डोळे गेले तसं मी त्यांना पेपर वाचून दाखवायला लागले. पण पेपर वेगळा. म्हटलं, "मामा, ही पोथी आहे. माझ्या तोंडून चालेल?"

"का नाय चालणार?"

का ते मला माहीत होतं. आमच्याकडे आजोबांच्या पोथ्या कपाटात, सोवळ्यात. बाबा अंघोळ करून वाचायचे आणि आम्ही मुली उंबऱ्याबाहेर. महिन्यातले चार दिवस त्या खोलीकडे बघायचंही नाही. मला ते सगळं पाठ आहे, बाहेरून ऐकून ऐकून. हातात कधी मिळालं नाही. आणि हा माणूस त्याची सगळ्यात मोलाची वस्तू माझ्या जीन्सवर ठेवून म्हणतो, वाच.

झोळीतून अत्तैंची शाल काढली त्यांनी. पुरुषांना फेटा तशी बायकांना ही, म्हणाले. त्यांच्या पणजीच्या काळी यांच्या जातीच्या बाईनं छाती झाकली तर मार पडायचा आणि पुरुषानं डोक्याला गुंडाळलं तर तेच. "म्हणून आम्ही देवापुढं डोकं उघडं करत नाय. झाकतो. खांदा पण झाकतो. घे."

घेतली. वाचलं. अडखळत, चुकत, ओवीच्या चालीवर, कारण दुसरी चाल मला येत नाही. मामा मधूनमधून शब्द दुरुस्त करत होते, पोथीकडे न बघता.

इंगे आली. गमबूट, हात कमरेवर. समारंभाला परवानगी लागते, म्हणाली. संगीत चालत नाही.

"संगीत नाय. बायकोशी बोलतोय."

तिनं थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाली, कबरीशी किती वेळ बोलायचं याचा नियम माझ्याकडे नाही. आणि गेली.

शनि. २६ एप्रिल

राजाचा दिवस, इथल्या राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. सगळं शहर नारिंगी. मेट्रोत विगा, नारिंगी चष्मे, बिअर. मामा आपल्या भगव्या फेट्यात, कडेला बसलेले. पोरांचं टोळकं एकदम खूश: "ओपा! टॉप!" आजोबा, झकास! एकानं फेट्याचा फोटो घेतला.

मामांनी विचारलं, "काय म्हणतात?"

"त्यांना वाटतंय तुम्ही राजासाठी बांधलाय."

"बरोबर आहे. आमच्यात प्रत्येक जण राजा. म्हणून तर फेटा." आणि पोरांना हात केला. मी इतकी हसले की स्टेशन चुकलं.

पारायण: आज दोन अध्याय. आवाज बसलाय. रोज जमत नाही. मंगळवार-गुरुवारी ऑफिसातून लंचला धावत येते, एरवी मामा एकटे बसून जे पाठ आहे ते म्हणतात. दुपारचा पाठ त्यांना सगळा पाठ. पोथी सगळी नाही. म्हणून माझी गरज. मला ते आवडतं, हे लिहून ठेवते.

से. शी या आठवड्यात फक्त दूध, शाळा आणि फायबरवाल्याची वेळ, इतकंच बोलणं.

मंगळ. ६ मे

एक म्हातारी. रोलेटर, चालताना आधाराची चाकांची गाडी, ढकलत येते, त्याच्या टोपलीत पाणी घालायची झारी. आमच्यासमोर थांबली, आमच्याच कबरीच्या मधल्या पाटीवर पाणी ओतलं, फडक्यानं पुसली. नाव योहाना. मधला माणूस तिचा भाऊ, खलाशी होता.

म्हणजे अत्तैंचा शेजारी! मला एकदम पाहुणी आल्यासारखं वाटलं. खुर्ची दिली. मामांनी थर्मासमधली पेज दिली. ती प्यायली. मग मी मोठ्या उत्साहानं तिला सगळं सांगितलं: तिघांनाही राहू द्या असा अर्ज करू, तुमचीही सही हवी.

"वेख इज वेख," योहाना म्हणाली. गेलं ते गेलं. मला काही नकोय. मी पाणी घालते ते सवयीनं. माती काढली की सकाळी उठून इकडे यायचं तेवढं वाचेल.

मी हिरमुसले. मामा नाही हिरमुसले. "तिचं बरोबर आहे. तिला राहायचं नाय तर नको. पण आपण विचारत राहणार."

तिनं जाताना विचारलं, या सूपमध्ये काय असतं? तांदूळ आणि पाणी, आणि मीठ. बस्स? बस्स.

रवि. ११ मे

आईचा व्हिडिओ कॉल. कुणीतरी तिला फोटो पाठवलाय. इथल्या मराठी मंडळातलीच असणार, मामांचा नि माझा, आरशापुढे. लोकांना दफनभूमीतही चैन पडत नाही.

आई: "मृदू, हे काय चाललंय? स्मशानात बसून पोथी?"

मी: "दफनभूमी. झाडं आहेत, बाकं आहेत. पर्वतीपेक्षा स्वच्छ."

आई: "आपल्यात असं नसतं गं. एकदा गेलं की अग्नी द्यायचा, मोकळं करायचं. तू शिकलेली आहेस. सासऱ्यांना समजाव की."

मी: "ते आपल्यातले नाहीत आई. आणि मला समजवायचं नाहीये."

आई: "म्हणजे तू आता त्यांचं सगळं करणार?"

मी: "तुझ्याकडे मला पोथीला हात लावू दिलास का कधी?"

हे तोंडातून निघून गेलं. आईनं चष्मा काढला. मग म्हणाली, "मला तरी कुणी दिलं होतं." आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

बोलले ते बोलले. मागे घेणार नाही. पण तिचं वाक्य ऐकल्यापासून राग कुणावर धरायचा तेच समजेना.

शनि. १७ मे

आज से. फुटला.

ईराला स्विमिंगला सोडून आम्ही दोघं गाडीत. मी सहज विचारलं, अप्पांनी तेव्हा सार्वजनिक कबर घेतलीच का? स्वतःची का नाही?

त्यानं स्टिअरिंग धरलं, गाडी बंद असूनही. म्हणाला, "मी होतो तिथे. अप्पांचं डच तेव्हा गोदीपुरतं होतं. मीच दुभाषी. आई जाऊन दोन दिवस झालेले. टेबलापलीकडच्या बाईनं विचारलं, स्वतःची की सार्वजनिक? मी अप्पांना सांगितलं, स्वतःची म्हणजे फक्त आपल्यासाठी, सार्वजनिक म्हणजे सगळ्यांबरोबर. अप्पा लगेच म्हणाले, सगळ्यांबरोबर. आपल्यात वेगळी विहीर नसते."

मला डोळ्यांपुढे दिसलंच. असंच म्हणाले असणार.

"मुदत सांगितली होतीस?"

"सांगितली! दोनदा सांगितली. वीस वर्षं, अप्पा, नंतर काढतात. अप्पा म्हणाले, पुरे. कर सही."

मग आम्ही ईराला घेऊन तसेच मामांकडे गेलो. से. नं दारातच विचारलं, तमिळमध्ये. मला समजलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं त्यानं. तुम्हाला माहीत होतं, मग का घेतली?

मामा होकायंत्राशी खेळत होते. जहाजावरचं, पितळी. अत्तैंची रांग त्यांनी त्याच्यानंच निवडली होती, तोंड नीट उत्तरेला यावं म्हणून. आता सुई दिसत नाही, नुसतं हातात धरतात. माझ्याकरता मराठीत म्हणाले:

"मला वाटलं, वीस वर्षांत येईल."

"काय येईल?"

"धर्मयुग."

 ईरानं विचारलं, "वॅट कोम्ट एर?" काय येणार आहे?

मला वाटलं मामा आता खचतील. छे! "उशीर झाला," म्हणाले. "त्यात माझी काय चूक? मी हिशोबानं घेतली होती. ज्यानं यायचं त्यानं उशीर केला. त्याची शिक्षा हिला कशाला?"

से. हसला की रडला ते कळलं नाही. बाथरूममध्ये गेला. नळ खूप वेळ चालू होता. पंधरा वर्षांच्या मुलाला आईच्या मातीच्या अटी भाषांतर करायला लावणं... मामांना हे कधीतरी बोलणार आहे मी. आज नाही.

गुरु. २९ मे

सुट्टी. वारा असा की सायकलवाले उतरून चालतायत. तरी गेलो. वाचता वाचता आरसा बर्चवरून घसरला, वाटेवर आपटला. एका कोपऱ्यातून तडा, तिरपा.

माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. फुटका आरसा घरात ठेवू नये, आजी म्हणायची. मामांनी बोटानं तडा चाचपला. "दिसतंय का?"

"दिसतंय. दोन-दोन."

"मग दोघं जास्त झाले वाचायला. चल."

योहाना होती. रोलेटरचा ब्रेक लावून तिनं तो आरशामागे अडकवला, टेकू म्हणून, आणि स्वतः आमच्या खुर्चीवर बसली. वाचन संपेपर्यंत बसली. नंतर म्हणाली, तो अर्ज दे. माझा विश्वास नाही. पण तुम्ही इतक्या वेळा विचारलंत, की आता नाही म्हणायचा कंटाळा आला.

सही केली. तिरपी. मामांनी तिला पेज वाढताना थर्मास पार उलटा केला.

मंगळ. १० जून

तिसऱ्याचे, म्हणजे सगळ्यात वरच्याचे, नातेवाईक सापडत नाहीत. पाटीवर नुसतं आडनाव आहे, सुरीनामकडचं वाटतं. इंगेनं शोधलं, मीही ओळखीत विचारलं. कुणी नाही. मामा म्हणाले, मग त्याच्या वतीनं मी सही करतो. इंगे म्हणाली, असं चालत नाही. मामा म्हणाले, त्याच्या पायाखाली माझी बायको आहे, याच्याहून जवळचं कोण आणणार तू?

इंगेनं अर्ज घेतला. समितीपुढे ठेवेन, म्हणाली. असं आजवर कुणी मागितलेलं नाही. आशा धरू नका. मग अर्ज फाइलला लावता लावता: पानगळीपर्यंत मी त्या रांगेला हात लावू देणार नाही, एवढं माझ्या हातात आहे.

पारायण आज संपलं. शेवटचं पान. गावी या दिवशी केवढा सोहळा असतो म्हणे. इथे मी, मामा, आणि गवत कापायच्या यंत्राचा आवाज. मी पोथी मिटून कपड्यात बांधायला घेतली.

"काय करतेस?"

"संपली ना मामा."

"उत्तर आलं?"

"नाही."

"मग पहिल्यापासून."

मी इतकी दमले होते की त्यांच्यावर जवळजवळ ओरडलेच. नोकरी आहे, मूल आहे, घसा आहे मला. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "उद्या नको. रविवारी." आणि खुर्ची आपली आपण घडी घालायला गेले. हात नीट पडत नव्हता बिजागरीवर. मी घडी घातली. मला कळलं की मी रविवारी जाणार आहे. कुणी सांगितलंय म्हणून नव्हे. मला पुढे वाचायचंय.

रवि. १५ जून

आज सेल्वन आला.

सांगितलं नव्हतं. आम्ही पोहोचलो, मी बर्चपाशी आरसा उभा करायला लागले. वारा पुन्हा तसाच, आरसा राहीना. मागून दोन हात आले आणि आरसा धरला. से., ऑफिसचा रेनकोट, केस उडतायत. मामांनी झोळीतून दुसरा फेटा काढून पुढे केला. आणलाच होता त्यांनी, दर वेळी आणत असणार. से. नं मान हलवली. नको.

 फेटा परत झोळीत.

"मी नुसता धरतो," से. म्हणाला. आणि आरसा छातीशी घेऊन उभा राहिला, आमच्याकडे काच करून. म्हणजे त्याला स्वतःला काहीच दिसत नव्हतं, आम्ही आणि ती कबर सोडून. त्या रांगेकडे त्यानं इतका वेळ पाहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

योहाना आपल्या जागेवर. ईरा तिच्या झारीनं तिन्ही पाट्यांना पाणी घालतेय, हिरवीलासुद्धा, तिला फरक माहीत नाही. आईचा सकाळी मेसेज: कुठवर आलं वाचन? एवढंच. उत्तर द्यायचंय. देईन.

शाल घेतली. पोथी उघडली, पहिलं पान. मामा आरशाच्या दिशेनं मान तिरकी करून बघायला लागले, कडेनं दिसतं म्हणून. मग तेही सोडलं त्यांनी.

"मला आता काय दिसत नाय. तू सांग. आरशात कोण कोण आहे?"

"तुम्ही. मी. योहाना. मागे ईरा." तड्यामुळे सगळे दोन-दोनदा. "अत्तै. त्यांच्यावरचे दोघं." आणि मग, दिसत होती म्हणून: "पाटी."

पाटी ओली होती, चकाकत होती. कुणी काढलेली नाही, कुणी काढणारही नाही इतक्यात. ऑक्टोबरात काय होईल ते इंगेलाही माहीत नाही.

मामांनी फेटा नीट केला.

"पाटीला राहू दे. ती पण ऐकेल. वाच."